नऊ व्होल्टवरचा गोळा

तक्रार

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल, भाचीचा फोन आला. "मामा, माझा गोळा आजारी पडलाय."

गोळा म्हणजे प्लाझ्मा गोळा. आठ इंची काच, मधोमध एक छोटी काळी गोळी. चालू केला की गोळीपासून काचेकडे जांभळे-गुलाबी धागे लवलवत जातात, आणि काचेला बोट लावलं की त्यातला एक धावत येऊन बोटाखाली चिकटतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मीच आणला होता, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच येणार. ती इचलकरंजीत, नववीत. मी सांगलीत, ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो.

लक्षणं तिने नीट सांगितली. आधी दहा-बारा धागे यायचे, आता चार-पाच येतात. तेही काचेपर्यंत पोचता पोचता विरतात. बोट लावलं तर धागा येतो, पण मलूल. आणि हे नेमकं आत्ता व्हायचं, कारण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय देऊन टाकला होता: विजेची शक्ती वाढवली तर प्लाझ्मा गोळ्याच्या उजेडावर काय परिणाम होतो. वहीत तिने अंदाजही लिहून ठेवला होता, 'शक्ती दुप्पट केली की उजेड दुप्पट होईल.' तो अंदाज ऐकून मी काही बोललो नाही. मलाही आतून तसंच वाटत होतं.

रविवारी गेलो.

गॅस, लाइट आणि अ‍ॅडॉप्टर

घरात दोन निदानं तयार होती. बहीण म्हणाली, "दादा, आतला गॅस गेला असेल. आमच्या फ्रिजचा गेला होता तसा." दाजींचा कापडाचा यंत्रमाग आहे, त्यांचं निदान वेगळं. "आमच्या भागात संध्याकाळी लाइटच डाऊन असती. गोळ्याचं काय घेऊन बसलाय, मागाची मोटरसुद्धा रडती."

गॅसचा मुद्दा मी जागेवरच सोडला. असल्या गोळ्यात निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांतल्या वायूंचं मिश्रण भरलेलं असतं. हे निष्क्रिय वायू. यांच्या अणूंना धडकून इलेक्ट्रॉन फारशी ऊर्जा गमावत नाही, म्हणून थोडक्या विद्युतदाबात लांबच लांब धागा निघतो. काचेला बारीक चीर जाऊन आत हवा शिरली असती, तर ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन गिळले असते, नायट्रोजनच्या रेणूंनी त्यांची ऊर्जा खाल्ली असती, आणि धागे कमी होण्याऐवजी धागेच राहिले नसते. गोळीभोवती थोडी झळाळी, बाकी अंधार. इथे तळहात टेकवला तर चांगला जाड धागा येत होता. म्हणजे वायूची तब्येत ठणठणीत.

दाजींचं म्हणणं मात्र तपासण्यासारखं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून डिमरस्टॅट, म्हणजे चाक फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, नेला होता. एका एक्स्टेंशन बोर्डवर गोळा आणि शेजारी चाळीस वॉटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावला, आणि चाक हळूहळू मागे फिरवलं. 230, 200, 180, 160. बल्ब लालसर झाला, पार उतरला. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने पडतो, 160 व्होल्टला तो एक तृतीयांशाच्याही खाली येतो. गोळा? जसाच्या तसा. चार-पाच धागे 230 ला होते, तेवढेच 160 ला. दाजींनी मान तिरकी करून दोनदा पाहिलं.

कारण अ‍ॅडॉप्टरच्या अंगावरच छापलेलं होतं: इनपुट 100 ते 240 व्होल्ट. आजकालचे हे हलके अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काहीही येवो, बाहेर ठरलेलाच डीसी (एकाच दिशेचा) दाब देतात. पूर्वीचे ते विटेएवढे जड, लोखंडी गाभ्याचे असते, तर दाजी बरोबर ठरले असते.

आणि तोच मजकूर वाचताना भाचीचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. आउटपुट 9 व्होल्ट, 0.6 अँपिअर.

गोळ्याच्या बुडाला 12 व्होल्ट लिहिलंय. हा अ‍ॅडॉप्टर गोळ्याचा नव्हताच, तो वाय-फायच्या राउटरचा होता. दिवाळीच्या साफसफाईत दोघांची अदलाबदल झाली होती; पिन सारखीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. राउटर बिचारा पंधरा दिवस 12 व्होल्टवर मुकाट्याने चालत होता. "तरी म्हटलं, डबडं एवढं तापतंय का," दाजी म्हणाले. अ‍ॅडॉप्टर बदलले, गोळा पहिल्यासारखा फुलला. दहा मिनिटांचं काम.

मी चहा मागितला. भाची गोळ्याकडे बघत होती. "मामा, म्हणजे नऊवर कमी आणि बारावर जास्त. हाच तर माझा विषय आहे. पण किती जास्त?"

पुढचे तीन रविवार त्यात गेले.

आत काय चालतं

मोजण्याआधी आतली गोष्ट समजायला हवी. बुडात सर्किटची एक छोटी पाटी असते. 12 व्होल्ट डीसी तिथे येतो, ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर त्याचे काही हजार व्होल्ट करतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत जो फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर असायचा, त्याच घराण्यातला. हा दाब मधल्या गोळीला. दुसरी तार नाहीच. परतीची वाट म्हणजे काच, बाहेरची हवा, आपला हात, टेबल, जमीन, जे असेल ते.

काचेतून वीज जाते कशी, हा प्रश्न दाजींनी विचारला आणि तो सगळ्या प्रकरणाच्या गाभ्याचा आहे. काच वाहक नाही. पण काचेच्या आतल्या बाजूला प्लाझ्मा, म्हणजे वीजवाहक झालेला वायू, आणि बाहेरच्या बाजूला तळहात, म्हणजे तो कपॅसिटर झाला, दोन वाहकांमधे भार साठवणारा. डीसीला तो बंद दार. एसीला, म्हणजे दिशा उलटसुलट होणाऱ्या विजेला, दार किलकिलं, आणि वारंवारता (सेकंदाला किती लाटा) जितकी जास्त तितकं ते अधिक उघडं. हिशोबच करून पाहिला: तळहाताचा टेकलेला भाग 50 चौरस सेंटिमीटर, काच अडीच मिलिमीटर धरली, तर धारकता, म्हणजे भार साठवायची क्षमता, येते साधारण 90 पिकोफॅरड. घरच्या 50 हर्ट्झला ही काच 35 मेगाओहमचा अडथळा ठरते. 31 किलोहर्ट्झला तोच अडथळा 57 किलोओहम.

31 हा आकडा हवेतला नाही, म्हणजे खरं तर हवेतलाच. कॉलेजात गोळा नेऊन ऑसिलोस्कोपचा (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब कशालाही न जोडता फूटभर अंतरावर नुसता लोंबत ठेवला. गोळा एवढा बोलका असतो की पडद्यावर लाट आपोआप उमटते. एका लाटेला 32 मायक्रोसेकंद, म्हणजे 31 किलोहर्ट्झ. डीसी दाब 9 वरून 12 केला तरी लाटेची रुंदी तीच राहिली; उंची सव्वापट झाली. याचा मोठा आधार मिळाला, कारण आता बदलणारी गोष्ट एकच उरली, गोळीवरचा दाब.

ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्लाने 1890 च्या दशकात एकाच तारेने, उच्च वारंवारतेवर पेटणारे काचेचे दिवे करून दाखवले होते. त्याचं 6 फेब्रुवारी 1894 चं अमेरिकन पेटंट आहे, क्रमांक 514170. पण आजच्यासारखे नाचणारे धागे हे 1970 च्या दशकातलं काम. अमेरिकेतल्या एमआयटीचा विद्यार्थी बिल पार्कर याच्या हातून चाचणीच्या भांड्यात वायू नेहमीपेक्षा जास्त दाबाने भरला गेला, आणि गुळगुळीत झळाळीऐवजी धागे निघाले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम संग्रहालयात त्याने ते मांडले. चूक झाली नसती तर माझ्या भाचीचा वाढदिवस पुस्तकावर भागला असता.

आकडे

दुसऱ्या रविवारी अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवून कॉलेजचा डीसी पॉवर सप्लाय जोडला. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात. खोलीच्या खिडक्यांना बहिणीच्या जाड चादरी. धागे मोजायचं काम दाजींनी मागून घेतलं. आयुष्य ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे मोजण्यात गेलेलं, पण हे धागे एका जागी थांबत नाहीत. शेवटी फोन स्टँडवर लावून, कॅमेऱ्याचे आयएसओ आणि शटर (किती उजेड टिपायचा ते) हाताने पक्कं करून, प्रत्येक पायरीला पाच फोटो काढले आणि धागे फोटोत मोजले.

8 व्होल्ट, 0.32 अँपिअर, 2.6 वॉट: 3 ते 4 धागे
9 व्होल्ट, 0.41 अँपिअर, 3.7 वॉट: 5 ते 6
10 व्होल्ट, 0.48 अँपिअर, 4.8 वॉट: 7 ते 9
11 व्होल्ट, 0.54 अँपिअर, 5.9 वॉट: 10 ते 11
12 व्होल्ट, 0.61 अँपिअर, 7.3 वॉट: 12 ते 14

बाराच्या वर गेलो नाही. भाचीला पंधरा बघायचे होते. ट्रान्झिस्टरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला बोट धरवत नव्हतं एवढी ती 12 ला तापली होती. त्यावर दाब वाढवला की आधी ट्रान्झिस्टर जातो किंवा ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचं इन्सुलेशन फुटतं.

खालच्या टोकाला एक मजा सापडली. सप्लाय शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तर 7.4 व्होल्टपर्यंत काहीच नाही, आणि मग एकदम गोळी झळाळते. तिथून मागे यायला लागलं की 7.4 ला विझत नाही, 6.6 पर्यंत तग धरते. भाचीने चार वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच. पेटवायला जास्त, पेटतं ठेवायला कमी. एका लाटेत मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन निसटलेले अणू) पुढची लाट येईपर्यंत सगळेच्या सगळे विरून जात नाहीत. पुढच्या लाटेला आयतं बियाणं मिळतं. चुलीत निखारा असला की फुंकर पुरते, तसं.

याच टप्प्यावर आणखी एक नोंद झाली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 7 व्होल्टला, गोळा पूर्ण अंधारात असताना, सप्लाय 0.13 अँपिअर दाखवत होता. म्हणजे उजेडाचा एक कण नाही आणि एक वॉटच्या आसपास वीज खर्च. ती जाते पाटीत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये, उष्णता होऊन. दाब वाढवला की हा खर्चही वाढतो. तेव्हा 'गोळ्याला 7.3 वॉट दिले' म्हणताना ते वॉट बुडात दिले, वायूला नव्हे, हे ध्यानात ठेवायला लागतं. 7 व्होल्टच्या आकड्यावरून ताणून अंदाज केला तर 12 ला तिसरा हिस्सा तरी बुडातच संपतो. शाळेच्या प्रयोगात ही ओळ सहसा कुणी लिहीत नाही.

दुप्पट विजेला किती पट उजेड

9 व्होल्टला 3.7 वॉट, 12 ला 7.3. योगायोगाने जवळजवळ बरोबर दुप्पट. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरने तिच्या अंदाजाची परीक्षाच मांडून ठेवली होती.

उजेड मोजायला आधी फोनचं लक्समीटर ॲप वापरलं. ते 1 आणि 2 च्या मधलं काही दाखवेना, आणि गोळ्याजवळ नेलं की फोनचा पडदा भूत लागल्यासारखा स्वतःच टॅप व्हायला लागला. गोळ्याचं विद्युतक्षेत्र टचस्क्रीनला बोटासारखंच वाटतं. मग एलडीआर घेतला, उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो तो नागमोडी रेघांचा छोटा बटणाएवढा भाग. काळ्या कागदाची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल, फॉइल अर्थिंगला. अंतर 40 सेंटिमीटर. फॉइल नव्हती तेव्हा रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर आकडे नुसते उड्या मारत होते.

9 व्होल्टला 62 किलोओहम, 12 ला 43.

"62 भागिले 43," भाची म्हणाली, "1.44. म्हणजे उजेड दीडपटसुद्धा नाही?"

इथे मी तिला थांबवलं, कारण एलडीआर एवढा प्रामाणिक नसतो. उजेड चौपट केला तर त्याचा रोध पाव होत नाही. त्याची भाषा आधी शिकायला लागते. खेळण्यातला एक साधा पांढरा एलईडी घेतला, काळ्या टेबलावर पट्टी ठेवली, आणि एलईडी 20 सेंटिमीटरवर ठेवून वाचन घेतलं: 14 किलोओहम. 40 वर नेला: 37. अंतर दुप्पट म्हणजे उजेड पाव, हा नियमच आहे. रोध मात्र चौपट न होता अडीचपटीच्या थोडा वर गेला. प्रत्येक वाचनाआधी मिनिटभर थांबायचं, कारण एलडीआरला आधी पाहिलेला उजेड लगेच विसरता येत नाही.

मग तिलाच सुचलं, आणि ही युक्ती माझी नाही हे मी प्रदर्शनात परीक्षकांनाही सांगितलं. रोधाचं गणितच करायचं नाही. एलईडी मागे-पुढे सरकवत राहायचा आणि मीटरवर 62 कुठे येतात ते बघायचं. 58 सेंटिमीटरवर आले. 43 आले साडेचव्वेचाळीसवर. म्हणजे 9 व्होल्टचा गोळा त्या एलईडीला 58 वर ठेवल्यासारखा, 12 चा साडेचव्वेचाळीसवर ठेवल्यासारखा. 58 भागिले 44.5 म्हणजे 1.3, त्याचा वर्ग 1.7.

वीज दुप्पट, उजेड 1.7 पट. वहीतला अंदाज चुकला, पण फार नाही.

खरी गोष्ट त्या 1.7 च्या पलीकडची आहे. धागे किती पट झाले? पाच-सहाचे बारा-चौदा, म्हणजे दुपटीहून जास्त. उजेड 1.7 पट आणि धागे दुपटीहून जास्त, तर एकेक धागा उजळला कुठे? फोटो जवळ आणून पाहिले. 9 व्होल्टचा एक धागा आणि 12 चा एक धागा शेजारी ठेवले तर जाडीत, तेजात फरक शोधावा लागतो. टोकं मात्र वेगळी. नऊला काचेजवळ विरणारं गुलाबी टोक, बाराला काचेवर पसरलेला स्पष्ट पंजा.

याचं कारण पुन्हा काच. धागा काचेला जिथे टेकतो, तिथे काचेच्या आतल्या अंगावर विद्युतभार साचतो. साचलेला भार मागून येणाऱ्याला ढकलतो, आणि त्या लाटेपुरता तो धागा स्वतःचा गळा स्वतःच आवळतो. दाब वाढवलात की त्याच धाग्यात मनमानी प्रवाह कोंबता येत नाही. वाढीव दाबाला कोरी काच लागते, म्हणून तो शेजारी नवा धागा काढतो. तारेच्या बल्बला जास्त वीज दिली तर तीच तार अधिक तापते, पिवळ्याची पांढरी होते. गोळ्याला जास्त वीज दिली तर गर्दी वाढते. दाजींनी हे एका वाक्यात संपवलं: "म्हणजे सूत जाड होत नाही, ताण्यात धागे वाढतात."

रंगाबद्दल भाचीने वहीत लिहिलं होतं, 'नऊवर लाल, बारावर निळा.' ते खोडायला लावलं. रंग वायूचा असतो; निऑन नारिंगी-लाल, झेनॉन निळसर-पांढरा, दाब तीनच व्होल्ट वाढवल्याने वायू बदलत नाही. तिचे पहिले फोटो ऑटोवर काढलेले होते, आणि फोनला वाटलं तसा पांढरा रंग त्याने दर वेळी नव्याने ठरवला होता. हाताने पक्कं केल्यावर दोन्हीकडे तेच जांभळट अंग आणि तीच गुलाबी टोकं. नऊला टोकांचा भाग प्रमाणाने जास्त दिसतो म्हणून एकंदर गोळा लालसर भासतो, एवढंच.

धागे वर का चढतात

हा भाग प्रकल्पात नव्हता, पण दोन तास त्यातच गेले.

धागा गोळीपासून निघतो, काचेला टेकतो, आणि उदबत्तीच्या धुरासारखा हळूहळू वर सरकतो. माथ्याजवळ पोचला की तुटतो आणि खालून पुन्हा सुरू. सेकंदाला 31 हजार लाटा, आणि धाग्याला वर जायला सेकंद-दीड सेकंद. म्हणजे एका चढाईत तीस-चाळीस हजार वेळा वीज त्याच वाटेने गेलेली असते. दर वेळी नवी वाट का नाही? कारण आधीच्या खेपेने ती वाट तापवलेली असते. तापलेला वायू विरळ, विरळ वायूत इलेक्ट्रॉनला दोन धडकांमधे जास्त धाव मिळते, म्हणून तिथेच पुन्हा ठिणगी सोपी. पण तापलेला वायू वरही चढतो, आणि वाट त्याच्याबरोबर. आपण बघतो ती वीज नव्हे, गरम वायूची हालचाल. विजेने फक्त तिला रंग दिलेला असतो.

बाराला हे धागे नऊपेक्षा लगबगीने चढत होते. अर्ध्या तासानंतर काचेचा माथा हाताला कोमट लागला, कंबर थंड. वॉटमधला मोठा वाटा कुठे गेला, ते तळव्याने सांगितलं.

हात लावला की

तिसऱ्या रविवारी शेजारचा एक मुलगा आला आणि त्याने सरळ दोन्ही हात गोळ्यावर ठेवले. सप्लाय 9 वर होता. सगळे धागे गोळा होऊन दोन जाड, लखलखीत पट्टे झाले. "बघा, हात लावला की पॉवर वाढती!"

खरंच वाढते, पण किती? सप्लायवरचा आकडा 0.41 वरून 0.46 वर गेला होता. अर्ध्या वॉटहून कमी. एलडीआरचा आकडा जेमतेम हलला. डोळ्याला मात्र उजेड तिप्पट झाल्यासारखा वाटला, कारण सहा ठिकाणी वाटलेला प्रवाह दोन ठिकाणी एकवटला. आपला डोळा एकूण उजेड मोजत नाही, सगळ्यात तेजस्वी जागा बघतो.

तळहाताचा हिशोब वर झालाच आहे, 90 पिकोफॅरड. बोटाच्या टोकाखाली 1 चौरस सेंटिमीटर धरला तर दोनाहून कमी. म्हणून बोटाला बारीक धागा, तळव्याला दोरखंड. आधी मी म्हटलं की एका धाग्यात प्रवाह कोंबता येत नाही; त्याला हा अपवाद नाही, हेच त्याचं कारण आहे. हाताने काचेमागची धारकता वाढवली, भार साचायला जागा मिळाली, तेव्हाच धागा जाड झाला. तीन व्होल्ट वाढवून जे जमलं नाही ते हाताने फुकटात केलं.

त्याच मुलाने मग खिशातलं नाणं माथ्यावर ठेवलं. मी ओरडेपर्यंत त्याने बोट जवळ नेलंही होतं. टिचकीएवढी ठिणगी, 'आई गं', आणि बोटावर पांढरा ठिपका. धातू ठेवला की सगळा काचेवर पसरलेला प्रवाह एका टोकाशी येतो, आणि उच्च वारंवारतेचा भाजतो तो आधी कातडीला. कागद मधे धरला तर भोक पडतं. नाणी, फॉइल, लॅपटॉप गोळ्यापासून लांब, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने जवळ जाऊ नये, हे दोन्ही प्रकल्पाच्या तक्त्यावर लाल स्केचपेनने गेलं. त्या मुलाच्याच अक्षरात.

प्रदर्शन

शाळेच्या सभागृहात ट्यूबलाइटांचा लख्ख उजेड, त्यात 9 व्होल्टचा गोळा दिसेचना. आदल्या रात्री दाजींनी टीव्हीच्या खोक्याला आतून काळा कागद लावून दिला, समोर डोकं आत घालण्यापुरतं भोक. बाहेर सप्लायचे लाल आकडे. वहीतला पहिला अंदाज तिने खोडला नाही. त्याखाली मोजलेला आकडा लिहिला आणि तिसऱ्या ओळीत, 'शक्ती वाढली की धागे वाढतात, धागा नाही.'

परीक्षक दोन होते. मॅडमनी विचारलं, मग जास्त उजेडासाठी काय करशील? ती म्हणाली, व्होल्ट वाढवणार नाही, वारंवारता वाढवून बघेन, सेकंदाला जास्त खेपा होतील. पण माझ्या पाटीत तशी सोय नाही. सरांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी खोक्यात डोकं घातलं, मग हात घातला. आकडा 0.61 वरून 0.67 वर गेला. हात काढला, 0.61. पुन्हा घातला, 0.67. मागे रांग लागली होती तरी त्यांचं चालूच होतं.